काचेवरचं खोबरेल

महिना होऊन गेला. मी शिकवतो त्या शाळेत होतो तेव्हा आमच्या गावाहून, नंदाखालहून काकूंचा फोन आला. "तुझे इनासकाका गेले रे..." एवढंच बोलल्या. वर्गावर गेलो, पण खडू हातातच राहिला.

इनासकाका आमचे शेजारी. रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझा निकाल त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारणं सोडलं. "या ग्रॅज्युएट!" म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जुनी मोटार घेतली. ऐन जुलैत तिचे वायपर मध्येच थांबू लागले. "वायपरची मोटर जळली असणार," मी ठासून म्हणालो. काकांनी स्विच लावून बॉनेटला कान टेकला. "मोटर तर गाणं म्हणतेय. बिचारीला जिवंतपणी कशाला मारतोस?" वायपरच्या मुळाशी असलेला नट ढिला झाला होता. तो त्यांनी आवळला, काचेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच वायपर चालू केले. कोरड्या काचेवर ते कधीच चालवत नसत.

रबर मऊ राहावं म्हणून घरी येऊन मी वायपरच्या दोन्ही पट्ट्यांना वाडीतल्या नारळाचं तेल चोळलं. आमच्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला हाच उपाय! दुसऱ्या दिवशी आईला वसईला नेताना पाऊस लागला आणि वायपर फिरताच काच दुधासारखी पांढरी झाली. पुढचा सायकलवाला थोडक्यात वाचला. मी थेट गॅरेजवर गेलो. पाच-सहा गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. "काका, जमत नसेल तर हात लावायचा नाही. आज माणूस मेला असता!"

काकांनी पट्टीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं... ते मात्र फक्त "बघतो" म्हणाले आणि साबणाच्या पाण्याने काच धुऊ लागले. एक टेम्पोवाला उठला आणि आपला टेम्पो घेऊन निघून गेला. काका त्या दिशेने बघत राहिले. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नंतर एकट्यात माफी मागितली, तर म्हणाले, "घरचं तेल चांगलं आहे. डोक्याला लाव, ग्रॅज्युएट." टेम्पोवाला पुन्हा कधी आला नाही, आणि चारचौघांत मीही कधी तोंड उघडलं नाही.

परवा चर्चमध्ये काकांसाठी झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांच्या अंगणात गॅरेजवरची जुनी माणसं जमली होती. तेव्हा उठून गेलेले टेम्पोवाले भाऊही होते. मी उभा राहिलो. "मी वायपरवरून काकांवर ओरडलो, त्या दिवशी त्यांचं काही चुकलं नव्हतं. पट्ट्यांना खोबरेल मी लावलं होतं."

मग भाऊ म्हणाले, "मग इनासने मला सांगायचं ना!"

"मी म्हणत होते, सांगा," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, मास्तर आहे तो, पोरं हसतील त्याला."

भाऊंनी काकूंकडून चावी मागून घेतली. गॅरेजचं दार आम्ही दोघांनी मिळून ढकललं. आत ग्रीसचा वास तसाच होता. भाऊ गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि जरा सरकून त्यांनी मला जागा दिली. समोर काकांचं स्टूल होतं. बराच वेळ आम्ही तसेच बसून राहिलो, कुणीतरी हातातलं काम संपवून येणार असल्यासारखे.