नुसतं ‘पडली’ लिहिलेल्या बायका

आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्लास्टरच्या खोलीशेजारी एक लहानशी खोली आहे. घरात मार खाल्लेल्या बायकांशी बोलायला, त्यांना वकील-पोलीस-माहेर यातली वाट दाखवायला सरकारनं मला तिथं बसवलं, तेही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. हाड जोडून घ्यायला आलेली बाई त्याच फेरीत माझ्याकडे येऊन जाते, घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही. हीच खोली पोलीस ठाण्यात उघडली असती तर चिटपाखरूही फिरकलं नसतं.

बाई आत आली की आधी ‘पडले’ म्हणते. जिना नसलेल्या घरातली बाई जिन्यावरून पडते. सोबतची सासू बाहेर बाकावर बसली आणि दार लागलं, की दहा मिनिटांत खरं काय ते कळतं. सुरुवातीला मी ते जसंच्या तसं रजिस्टरात लिहायची. एकदा एका बाईच्या दिरानं, इथल्याच कुणाच्या तरी ओळखीनं, माझ्या टेबलावरचं रजिस्टर वाचलं. आठवड्याभरात ती बाई परत आली, या वेळी ओठ फाटलेला. रजिस्टर उघडं ठेवलं होतं मी. ते मला अजून डाचतं.

त्यानंतर मी आणि प्लास्टर घालणाऱ्या मामांनी एक खूण ठरवली. खरोखर पडलेल्या बाईच्या नावापुढं लिहायचं ‘पाय घसरून पडली’. मार खाऊन आलेलीच्या पुढं नुसतं ‘पडली’. दीर येवो की सासरा, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

यंदा मुदतवाढीच्या आधी जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले. माणूस सभ्य, आवाज चढवणारा नव्हे. रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हणाले की या नोंदींवरून तालुक्यात मारहाण जवळजवळ होतच नाही, तेव्हा या खोलीचा निधी चालू ठेवायला त्यांना कारण दिसत नाही. तिमाहीअखेरीस तसा अहवाल जाणार होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बायकांना लपवता लपवता मी खोलीच पुसून टाकली होती.

मला राग आला, आधी माझा आणि मग साहेबांचा. मी त्यांना खूण समजावून सांगितली. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मी म्हणाले, “साहेब, यातल्या निम्म्या बायका टँकरवर जगणाऱ्या गावांतल्या आहेत. जिथं प्यायला पाणी नाही, तिथं घसरून पडायला ओली फरशी कुठून आणायची?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. तुमचं खरंही असेल, पण मला कागदावर लागतं, असं म्हणाले आणि गाडीत बसले.

कागदावर लिहिणं सोपं होतं. प्रत्येक ‘पडली’पुढं दोन शब्द घातले की झालं असतं. पण ते शब्द बायकांचे होते, माझे नव्हते. म्हणून जी तपासून घ्यायला येईल तिला मी विचारत गेले. तुझं नाव कपाटात कुलपात राहील, वर फक्त नोंद जाईल, असं सांगत गेले. बऱ्याच जणी नको म्हणाल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणावर जोर केला नाही; तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारीला आणखी माझा धाक कशाला? काही जणी मात्र हो म्हणाल्या.

त्यात एक होती पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली, मेंढरांमागं फिरलेल्या घरातली. उजवा हात तिसऱ्यांदा मोडून आली होती. खोली बंद झाली तर पुढच्या वेळी कुठं जायचं, एवढंच तिनं मला विचारलं. मी नोंद बदलून लिहिली आणि तिला वाचून दाखवली. तिला लिहिता-वाचता येत नाही, तरी रकान्यांवरून बोट फिरवत तिनं कशात काय आहे ते विचारून घेतलं. नाव, वय, गाव, इजा, उपचार.

“समदं माजंच हाय की वं बाई,” ती म्हणाली. “त्याचं कुटं लिवलंय?”

इतकी वर्षं मी ते रजिस्टर भरत होते आणि मला हे सुचलं नव्हतं. मी पट्टी घेतली, उजवीकडच्या समासात एक रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मारणारा’. तिच्या ओळीत नवरा आला. हो म्हणालेल्या इतर बायकांच्या ओळींत नवरा, दीर, सासरा, एका ठिकाणी मुलगा. तोच तक्ता, नावं वगळून, मी वर पाठवला.

तो शेरा मारून परत आला. ‘मारणारा’ हा रकाना विहित नमुन्यात नाही, सबब वगळून फेरसादर करावा. आमच्या कार्यालयातले क्लार्क भले गृहस्थ. काढून टाका मॅडम, निधी मिळाल्याशी मतलब, असं त्यांनी मला चार वेळा सांगितलं. ते चुकीचं बोलत नव्हते. खोली गेली तर त्या रकान्याचं काय लोणचं घालायचं?

मग ती मेंढरांच्या घरातली बाई प्लास्टर कापून घ्यायला आली. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. तू सांगितलेल्या रकान्यापायी कदाचित खोली जाईल, काढला तर राहील, काय करू, असं विचारलं. इतके दिवस प्लास्टरमध्ये राहून तिचा हात वाळला होता. ती तो चोळत बसली.

“काडा की,” ती म्हणाली. “मग बायका आपल्या आपण मार खात्यात म्हून बी लिवा.”

त्याच दुपारी मी तक्ता होता तसाच वर पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिलं, ‘सदर रकाना वगळता येत नाही, कारण सदर बायका पडलेल्या नाहीत.’