आइंडहोवनहून एकतर्फी फोन

निघायच्या आदल्या दिवशी मी वारज्यातल्या मोबाइलच्या दुकानात रोमिंगचा प्लॅन घ्यायला गेले. माझा मुलगा समीर नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो, त्याच्याकडे महिनाभर राहायचं होतं. या प्लॅनमध्ये परदेशातून बोलायला भरपूर मिनिटं मिळतात, असं दुकानदाराने उत्साहाने सांगितलं. मला ऐकू येत नाही, असं मी म्हणाले. काही वर्षांपूर्वी एका तापात दोन्ही कान गेले. मराठी माणूस समोर असेल आणि त्याच्या मिश्या बेताच्या असतील, तर ओठांवरून मला कळतं. तेव्हा मिनिटं नसलेला प्लॅन आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. तो म्हणाला, "मिनिटं फुकटच आहेत काकू, असू द्या की." मी असू दिली.

वाटेत आखातातल्या एका विमानतळावर थांबावं लागलं. तिथे सिम विकणाऱ्या माणसाला मी लिहून विचारलं, की अडचण आली तर काय करायचं? त्याने एक कार्ड दिलं. त्यावर मेसेज पाठवण्यासाठी वेगळा नंबर होता. मी सिम घेतलं नाही, कार्ड तेवढं घेतलं. त्या देशाबद्दल माझं मत चांगलं झालं. बाकी काही मी तिथे पाहिलेलं नाही.

आइंडहोवन अगदी सपाट आहे. विटांची घरं, सायकली आणि गावातून वाहणारी डोमेल नावाची नदी. आपल्याकडे तिला ओढा म्हणाले असते, पण पाणी स्वच्छ आहे. समीरने पहिल्याच संध्याकाळी पोफर्चेस (पिठीसाखर भुरभुरलेले गोड आप्पे) खायला घातले. त्यांना चटणी नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथलं सिम घ्यायला गेलो. दुकानातल्या बाईंना माझी अडचण समजली, तशी त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि भाषांतर करून विचारलं, "तुम्हाला माणसांशी बोलायचे आहे का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी लगेच बेलेन (फोन करणे) हा भाग वगळून फक्त इंटरनेटचा, महिन्यापुरता करार करून दिला. काही बिघडलं तर लिहून कळवायचं, असंही सांगितलं. मी इतकी खूश झाले, की पुन्हा पोफर्चेस खाल्ले.

आठवडाभराने माझ्या पुण्याच्या मोबाइल कंपनीची ई-मेल आली. आपली ओळख पडताळण्यासाठी आम्ही अनेकदा फोन केला, आपण उचलला नाही, म्हणून आपला नंबर बंद करण्यात आला आहे. पडताळणी झाली नाही, तर तो दुसऱ्या ग्राहकाला देण्यात येईल. मी सविस्तर उत्तर लिहिलं. या पत्त्यावर उत्तरं वाचली जात नाहीत, असं त्यावर उत्तर आलं.

मग समीरने फोन लावला. कस्टमर केअरच्या मुलीने त्याला सांगितलं, की ग्राहकाने स्वतः बोललं पाहिजे. ग्राहकाला ऐकू येत नाही, असं तो म्हणाला, तर मग ग्राहकाने स्वतः तसं सांगितलं पाहिजे, असं ती म्हणाली. दुसऱ्या वेळी मी बोलायला बसले. पलीकडचे प्रश्न समीर माझ्यासमोर हलक्या आवाजात सांगायचा आणि मी उत्तरं द्यायची. दुसऱ्याच प्रश्नाला फोन कट झाला. ग्राहकाला कोणीतरी शेजारून सांगत आहे, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरंच होतं.

शेवटी समीरने बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं एक ॲप त्याच्या जुन्या टॅबलेटवर घातलं. फोनचा स्पीकर चालू करून टॅबलेट शेजारी ठेवला. त्यावर उमटलं, 'आपला काळ आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केलं, त्यामुळे तिथे 'कॉल' हवं हे मला कळलं. पण पुढे तासभर 'संगीत' एवढंच उमटत राहिलं.

समीर दमला होता. तो माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाला, "आई, सोड तो नंबर. तू इथेच राहा. तुझं सगळं मी बघतो."

त्याने ते मायेनेच म्हटलं होतं. पण रात्री मला झोप लागेना. मला ज्यांना गाठायचं असतं ते त्या नंबरावर लिहूनच गाठतात. माझी बँक, माझे डॉक्टर, जुन्या ओळखीतले चार लोक, सगळे तिथे आहेत. ते सगळं समीरच्या फोनवर गेलं असतं, तर मी फक्त समीरची आई उरले असते.

सकाळी तो कामावर गेल्यावर मी नदीकाठच्या बागेत एका बाकावर बसले. त्याच्याकडे जादा असलेला फोन आणि टॅबलेट बरोबर घेतला होता. कुठली बटणं दाबायची ते आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. 'संगीत' बराच वेळ चाललं. मग उमटलं, 'नमस्कार मॅडम मी आपली काय मदत करू शेकते.' मी ते मनात दुरुस्त केलं आणि बोलायला लागले.

"मी शैलजा, वारज्याहून बोलतेय. म्हणजे सध्या परदेशातून. मला अजिबात ऐकू येत नाही. तुम्ही विचाराल ते इथे नीट उमटेलच असं नाही, म्हणून मीच सगळं सांगते."

नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं सांगितलं. पडद्यावर 'आईचा नवा' असं आलं. मी म्हणाले, की आईचं नाव विचारत असाल तर सरस्वती आणि गाव विचारत असाल तर वाई. मग पडदा कोराच राहिला. ती तपासतेय, की फोन ठेवून गेली, हे कळायला मार्ग नव्हता. कित्येक वर्षांत मी एकटीने फोनवर बोलले नव्हते, आणि माझा आवाज किती मोठा आहे हे मला कळत नाही. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थांबून बघत होते, त्यावरून अंदाज आला.

तेवढ्यात अक्षरं उमटली. 'बोलत रहा काकू गप्प झालात तर लाइन तुटते.'

मॅडमची काकू झाले, तेव्हा काम होणार हे मला कळलं.

मी बोलत राहिले. नदीतल्या बदकांबद्दल सांगितलं, चटणी नसलेल्या आप्प्यांबद्दल सांगितलं. मुलगा चांगला आहे, पण मला परत घरी जायचंय, हेही सांगितलं. ते मी समीरलाही अजून सांगितलं नव्हतं. मध्येच माझ्या फोनवर ई-मेल आली, 'आपली पडताळणी पूर्ण झाली आहे.' मी आभार मानले. ॲपने 'संगीत' लिहिलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी ती ई-मेल पाहून समीरने विचारलं, "कोण बोललं त्यांच्याशी?"

"मी," म्हणाले. आणि परतीचं तिकीट बदलायचं नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. तो माझी बॅग किती किलो भरेल ते विचारायला लागला.

परत आल्यावर लोक विचारतात, फोनच्या बाबतीत कुठला देश चांगला? तिकडे बोलावं लागू नये अशी सोय आहे, आणि ती आपल्याकडेही झाली पाहिजे, यात मला शंका नाही. आपल्याकडे बोलल्याशिवाय काहीच हलत नाही. त्याचा मला राग आहे, अजूनही आहे. पण तो राग आला नसता, तर त्या बाकावर मी तोंड उघडलं नसतं.

गेल्या रविवारी मी साताऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीला, सुधाला, फोन लावला. कान गेल्यापासून आम्ही फक्त लिहून बोलतो. तिने उचलला असं पडद्यावर दिसल्यावर मी प्रवासाची हकिकत सांगायला सुरुवात केली आणि सगळी सांगून संपवली. मी फोन ठेवला. मग तिचा मेसेज आला.

'आवाज तोच आहे तुझा. उद्या पुन्हा कर. फक्त ओरडू नकोस, बहिरी तू आहेस, मी नाही.'