दूध, पाणी आणि उदबत्तीचा धूर

मराठी राज्य झालं तर मराठीतून शिकवता यायला हवं, म्हणून आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांतले प्राध्यापक शनिवारी दुपारी गिरगावातल्या एका प्राथमिक शाळेत जमायचो. बाकं चिमुरड्यांची, त्यामुळे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. एकाने आपला धडा शिकवायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन शंका विचारायच्या आणि पुढच्या शनिवारी तोच धडा दुसऱ्याने घ्यायचा. धडा मूळ कोणाचा, हे बोलायचं नाही, असा नियमच होता. मी घोडपदेवच्या चाळीतली, सगळ्यांत लहान आणि एकटीच बाई. जिभेला धार होती म्हणून टिकले.

लालबागचे एक सर प्रकाशाचा धडा, म्हणजे तो पाण्यात शिरताना कसा वाकतो हे, सुरेख शिकवत. काचेच्या पेटीत पाणी, पाण्यात दुधाचे चार थेंब, खिडक्या बंद आणि बॅटरीचा बारीक झोत. पाण्यात तो लख्ख दिसे. टिपण कसलंच नाही, सगळं डोक्यात.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात सर तुरुंगात गेले. परीक्षा तोंडावर आलेली. अभ्यासक्रम अडला तर सरांच्या जागी दुसरा माणूस नेमावा लागेल, असं त्यांच्या प्राचार्यांनी साफ सांगितलं. घरात कमावणारे सर एकटेच. आम्ही प्राचार्यांकडे गेलो आणि त्यांचे तास वाटून घेतो म्हणालो.

"त्यांचे धडे तुम्हाला येतात?" प्राचार्यांनी विचारलं.

"आमचेच आहेत," मी म्हणाले. आगाऊपणाच, पण खरं होतं.

प्रकाशाचा धडा माझ्या वाट्याला आला. एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. पाण्याच्या वर झोत दिसतच नसे, मग तो वाकला कुठे हे मुलांना कळणार कसं? मी पेटीवर काचेचं झाकण ठेवलं आणि आत उदबत्तीचा धूर कोंडला. धुरातून झोत तिरपा उतरला आणि पाण्याला टेकताच वाकला. "आयला!" अख्खा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून ओळखीचा मालवणी आवाज आला, "ह्यो धूर माका कित्याक नाय सुचलो?"

सर! तुरुंगातून सुटून, दाढी वाढलेली, थेट वर्गात आले होते. अभ्यासक्रम कुठेही अडला नव्हता. त्यांची जागा त्यांचीच राहिली.

पुढच्या शनिवारी तो धडा सरांनी घेतला. पाण्यात दूध घातलं, उदबत्ती पेटवली आणि आमचा नियम मोडला.

"हा धडा आमच्या बाईंचा," ते म्हणाले आणि मगच झोत सोडला.

शंका विचारायची पाळी माझी होती. मी अभिमानाने हात वर केला, "आणि त्यातलं दूध कोणाचं, सर?"