काम पाहणारा

मोठा भाऊ पुण्यात एका इमारतीवर सेंट्रिंगच्या कामाला होता. पाचव्या मजल्यावरून पडला आणि तिथेच गेला. खाली जाळी बांधलेली नव्हती. महागावजवळच्या आमच्या तांड्यावर त्याला ॲम्ब्युलन्समधून आणलं, तेव्हा मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होतो.

पदवी झाल्यावर पुढे काय, हे विचारायला कॉलेजातल्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, "बांधकाम व्यवस्थापन कर. इंजिनिअर ढीगभर मिळतात, साइट सांभाळणारा मिळत नाही." पगाराचं, बढतीचं ते बरंच बोलले. माझ्या कानात 'सांभाळणारा' एवढाच शब्द राहिला. भावाच्या साइटवर तसा कोणी असता तर?

घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. पण त्या दिवशी ओट्यावर गावातली माणसं बसली होती, म्हणून आई वऱ्हाडीत बोलली.

"त्याच धंद्यात तू कायले जाऊन राह्यला? मास्तर हो, तलाठी हो, काहीबी कर."

"मी वर चढनार नाही व माय. काम पाहनारा होईन."

"पाहनारे तवाबी होतेच ना," ती म्हणाली आणि विळा घेऊन वावरात निघून गेली.

मी तरीही तोच अभ्यासक्रम घेतला. नागपूरला नोकरी लागली. एकदा वरच्या मजल्यावर स्लॅबची तयारी चालली होती. वारा सुटला होता आणि मी कितीदा मागूनही जाळी आलेली नव्हती. आधाराला उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्यांवर चढलेल्यांत दोघं पुसदकडचे, आमचीच बोली बोलणारे. मी सगळ्यांना खाली उतरवलं. काम बंद राहिलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. आवाजही चढवला नाही. "तुमचं प्लॅनिंग चांगलं आहे. उद्यापासून ऑफिसात बसा."

माझ्या जागी दुसरा आला. स्लॅब टाकला गेला, जाळीशिवायच. कोणी पडलं नाही. जेवताना साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहिलंत? उगाच घाबरता." लोक हसले. मी डबा बंद केला.

आता मी कॉम्प्युटरवर कामाचे आठवडे आखतो. जाळी बांधायचा दिवस त्यात घालतो, आणि वरून तो काढून टाकला जातो.

आईचा फोन आला. वर चढावं लागतं का, तिने विचारलं. नाही, ऑफिसात बसतो, म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. भाऊ गेल्यापासून तिचा इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. जाळीचं मी तिला सांगितलं नाही.