जाणकाराची सही

“कळत नव्हतं तवर बरं हुतं. पास झालो आन् अडकलो,” कानिफनाथ दहातोंडे एकदा म्हणाले होते.

घोडेगावचे. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात बावीस वर्षं खरेदीचे लिपिक. कपाटं, सतरंज्या, शाळांचे बाक, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. नियमाप्रमाणे तीन दुकानांची दरपत्रकं लागत. रीत वेगळी होती. ज्याला काम द्यायचं तोच दुकानदार एक आपलं आणि दोन दुसऱ्यांच्या लेटरहेडवरची, अशी तिन्ही आणून देई. कानिफनाथ टाचणी लावून ती फायलीत ठेवत. यात काही वावगं आहे असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग आदेश आला. खरेदीवर प्रमाणपत्रधारकाचीच सही चालेल. पंधरा दिवस प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. कार्यालयातून एकटे कानिफनाथ पास झाले. एकाच हातची दरपत्रकं कशी ओळखावीत, या प्रश्नाला त्यांना पूर्ण गुण होते.

सोमवारी सकाळी शाल, नारळ, पेढे झाले. दुपारी कार्यालयप्रमुख राजेश्वरी मॅडमनी बोलावलं. टेबलावर फाईल उघडी होती. मुलींच्या वसतिगृहासाठी गिझर. तीन दुकानांचे तीन कागद आणि तिन्हींवर प्रिंटरची तीच काळी रेघ, उजव्या कडेनं खाली उतरत गेलेली.

समोर दुकानदार आदिनाथशेठ बसले होते. “या भाऊसाहेब. आता तुमची सही म्हंजी देवाचा अंगारा.”

“शेठ, ही कंपनी कुठली हाय? नाव ऐकलं न्हाई कधी.”

“पानी तापतं की. पोरी काय कंपनी वाचून आंघोळ करत्यात व्हय?”

“आन् शॉक बसला मंग?”

शेठ मॅडमकडं बघू लागले. मॅडमचा आवाज मऊ होता. “दहातोंडे, मागच्या सगळ्या फायली तुम्हीच लावल्यात ना? ही अडली, तर त्याही उघडाव्या लागतील. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमच्या.”

पंखा फिरत होता, तरी कागद हलत नव्हते. सहीच्या जागी त्यांचं नाव आधीच छापलेलं होतं, प्रमाणपत्राच्या क्रमांकासकट.

कानिफनाथांनी पेन उघडलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: तिन्ही दरपत्रके एकाच हातची. खरेदी थांबवावी. यापूर्वीच्या माझ्या फायलीही तपासाव्यात. खाली सही केली, तारीख घातली.

मॅडमनी शेरा दोनदा वाचला. “याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?”

ते उठले, खुर्ची जागेवर सारली, आणि बाहेर पडले.