मितभाषी मुलगी

वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझं तोंड उघडत नव्हतं. वरच्या आणि खालच्या दातांमधून फार तर पोस्टकार्ड आत गेलं असतं. पाच वर्षांची असताना लालबागच्या आमच्या चाळीच्या जिन्यावरून मी हनुवटीवर आपटले. जखमेत हळद भरली, जखम आठ दिवसांत बरी झाली आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे महिन्यामहिन्याने तोंड कमी कमी उघडू लागलं, आणि दुसरीत जाईपर्यंत बंदच झालं.

त्यानंतर मी दातांमागून बोलायला शिकले. भाकरी आमटीत कुस्करून, तिचा लगदा गालातून मागच्या दाढांपर्यंत बोटाने सरकवायचा आणि तिथल्या फटीतून चोखून घ्यायचा, हे माझं जेवण. लोकांसमोर मी जेवत नसे. माझी हनुवटी उजवीकडे सरकली होती. उजवा गाल छान भरलेला आणि डावा चपटा, बसलेला. आई मला रोज सकाळी खिडकीशी बसवून त्या डाव्या गालाला खोबरेल चोळायची. "ह्यो गाल वर इलो की सगळा बरा होतला," असं ती तिच्या मालवणीत म्हणायची. बारा वर्षं तेल चोळलं. गाल वर आला नाही, पण तुकतुकीत मात्र झाला.

माझे वडील, आबा, गिरणीत साचेखात्यात मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटामुळे त्यांना स्वतःलाच कमी ऐकू यायचं, त्यामुळे माझं पुटपुटणं त्यांना कधी खटकलं नाही. खटकलं ते मावशीला. मी मॅट्रिक झाले तशी तिने गिरगावातलं एक स्थळ आणलं. मुलगा शिवडीला गोदामात कारकून, घरी आई आणि तो. पाहायला आले त्या दिवशी मी मान खाली घालून बसले.

"स्वयंपाक येतो का?" मुलाच्या आईने विचारलं.

"हो."

"शिवण?"

"हो."

पोह्यांची बशी मी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. बाई खूश झाल्या. "लाजाळू आहे हो," त्या मावशीला म्हणाल्या, "आणि किती मितभाषी! आजकालच्या मुली पाहा, रस्त्यात मोर्चे काढून ओरडत असतात." ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते आणि आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका तेव्हा खरोखरच मोर्चात होत्या. लग्न ठरलं. जबड्याचं त्यांना सांगायचं की नाही यावर घरात खल झाला. मावशी म्हणाली, "सांगायचंय कशाला? त्यांनी गुण म्हणून पसंत केलंय." माझं मत कोणी विचारलं नाही. मी दिलं असतं, तर ऐकायला वेळ लागला असता.

हे असंच पार पडलं असतं, पण माझी मागची दाढ किडली. गाल सुजला, ताप चढला. आबांनी मला परळ नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

"आ करा."

"होत नाही," मी दातांमागून म्हणाले.

"घाबरू नका, दुखणार नाही. आ करा."

"उघडतच नाही."

"एवढी मोठी मुलगी, आणि हट्ट कसला करते!" तो आबांवर चिडला. आबांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी त्याचे आभार मानले. शेवटी त्याने चिठ्ठी देऊन आम्हाला परळच्याच मोठ्या इस्पितळात पिटाळलं.

तिथे आईही सोबत आली. तीन शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती जमले. पहिल्याने धनुर्वात सांगितला आणि विचारलं, "खिळा लागला होता का?" बारा वर्षं धनुर्वात घेऊन कोणी मॅट्रिक होतं का, असं मी विचारलं, ते त्याला कळलं नाही. दुसऱ्याने माझं लग्न ठरलंय हे ऐकलं आणि लगेच निदान केलं, "मग हे मनाचं आहे. मुलींना होतं असं." तिसरा जरा अभ्यासू होता. त्याने दोन्ही गाल दाबून पाहिले, जबड्याचा सांधा जाम झालाय म्हणाला आणि कागदावर लिहिलं, डावी बाजू. बसलेला गाल डावा, म्हणजे आजारी तोच. आईने मान डोलावली. तिचं तेलही तेच सांगत होतं.

मोठे डॉक्टर आले तेव्हा तिघेही सरळ उभे राहिले. बुटकेसे, चष्म्याला दोरी बांधलेले गृहस्थ. त्यांनी कागद वाचला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि दोन्ही करंगळ्या माझ्या दोन्ही कानांत घातल्या.

"जमेल तेवढं तोंड उघड, बाळ."

मी जोर लावला.

"डावीकडे सांधा किंचित हलतोय. उजवीकडे दगड आहे." त्यांनी करंगळ्या काढल्या. "उजवा सांधा कवटीला चिकटून एक हाड झालंय. त्यामुळे उजवा जबडा वाढलाच नाही. आखूड राहिला, म्हणून गाल गोळा होऊन भरलेला दिसतो. डावी बाजू बिचारी निरोगी, वाढून वाढून ताणली गेली आणि चपटी झाली." मग तिघांकडे वळून म्हणाले, "तुम्ही हिच्या चांगल्या बाजूला कापायला निघाला होतात."

आईने पदर तोंडाला लावला. बारा वर्षं ती धडधाकट गालाला तेल चोळत होती.

ऑपरेशनआधी मला खरी भीती वाटली ती भुलीची. तोंड उघडत नाही, मग श्वासाची नळी घालायची कुठून? नाकातून घालू, नाही गेली तर गळ्याला भोक पाडू, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. आई म्हणाली, "माझ्या चेडवाक काय झाला तर?" डॉक्टर म्हणाले, "तेच मीही स्वतःला विचारतोय. पण असंच ठेवलं, तर एक दिवस साध्या उलटीने ही गुदमरेल." ते ऐकून आबांनी सही केली. नळी नाकातून घालताना मी जागी होते. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली. कानापुढे छेद घेऊन त्यांनी चिकटलेलं हाड कापलं आणि पुन्हा चिकटू नये म्हणून फटीत कानशिलाचा स्नायू वळवून बसवला. किडलेली दाढही त्याच वेळी उपटली.

दोन दिवसांनी नर्सने आरसा दिला. मी तोंड उघडलं. दोन बोटांएवढं. आत माझी जीभ होती. सातव्या वर्षानंतर मी ती पाहिलीच नव्हती. मी ती बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. शेजारच्या खाटेवर लाठीमारात डोकं फुटलेली एक बाई होती. तिला वाटलं मी तिला वेडावतेय.

घरी जाताना डॉक्टरांनी लाकडी पाचर दिली. दर तासाला ती दाढांत घालून तोंड ताणायचं. "आळस केलास तर सहा महिन्यांत पुन्हा बंद. गा, ओरड, भांड, काहीही कर, पण उघड." पाचरेने डोळ्यांतून पाणी यायचं. त्यापेक्षा चाळीतली प्रभातफेरी बरी वाटली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" यातल्या 'झा'ला जबडा जेवढा उघडतो तेवढा पाचरेनेही उघडत नसे. मी रोज जाऊ लागले. चाळ समितीचे चिटणीस माझा आवेश पाहून भारावले आणि त्यांनी मला घोषणा द्यायला पुढे उभं केलं. त्यांना ती निष्ठा वाटत होती. मला तो पहिले काही दिवस व्यायामच होता. महिन्याभरात दोन्ही एकच झालं.

दादरच्या एका मोर्चात मी अशीच आघाडीला ओरडत असताना गिरगावच्या त्या मुलाच्या आईने मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलासह, मावशीलाही बोलावून घेऊन, आमच्या खोलीत हजर.

"आमची फसवणूक झाली. मुलगी शांत आहे म्हणून सांगितलं होतं."

"आम्ही नाही सांगितलं, तुम्हीच म्हणालात," मी म्हणाले.

"पाहा! उलट उत्तरं!"

आईने त्यांना जबड्याची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हणजे आता हे असंच राहणार?"

"देवाक माहीत," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणता, राहूक व्हया."

मुलगा दारातून पुढे आला. तो म्हणाला, "आई, मला चालेल."

"तू गप्प बस."

तो गप्प बसला. त्याच्या दुखण्यावर इलाज करणारं इस्पितळ परळमध्ये नव्हतं. ते गेल्यावर मावशी रडली. मला जरा वाईट वाटलं, पण ते त्या मुलासाठी.

संध्याकाळी आबा गिरणीतून आले. आईने त्यांना स्थळ मोडल्याचं मोठ्याने सांगितलं. पिशवीतून एक पेरू काढून त्यांनी माझ्या हातात दिला. आजवर माझ्यासाठी पेरू कुस्करूनच यायचा. मी अख्ख्या पेरूचा लचका तोडला. चार घासांत जबडा ठणकायला लागला, तरी मी देठापर्यंत खाल्ला. आबा शर्ट न काढता तसेच समोर बसून बघत होते.

राज्य झालं त्या वर्षी मी वरळीच्या शाळेत मास्तरीण होते. तपासणीला गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कमरेचं हाड लावून हनुवटी मध्यावर आणता येईल. करायची का?"

"त्याने आणखी तोंड उघडेल?"

"नाही. फक्त दिसायला बरं."

"मग राहू दे," मी म्हणाले, आणि दुपारच्या वर्गाला उशीर होत होता म्हणून निघाले.