डी. के. बाबूंचे दगड

माझा थोरला भाऊ तुळशीराम पडदा तपासायचा तो उलटा. पाठ पडद्याकडे करायची, कमरेत वाकायचं आणि दोन पायांमधून बघायचं. धोतर सुटायची वेळ यायची. आमच्या पवनी गावातली पोरं खिदळायची. दादा तसाच वाकून त्यांना सांगायचा, "सुलटं पायलं का डोळा आपलीच बाजू घेते रे. उलटं पाय, मंग चुकी दिसते." दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस गोड होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काही चांगलं बोलणार नाही.

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरल्या की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. त्यांचे पडदे दादा रंगवायचा. राजवाडा, जंगल, किल्ला. रंगाला त्याचा हात मोठा मऊ, पण किल्ला मात्र वाळत घातलेल्या धोतरासारखा सपाट दिसायचा. एकदा त्यानं रंगात लाकडाचा भुसा कालवला, तर पडदा बांबूला गुंडाळताच पोपडे पडले.

मी तेव्हा नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहिलेली. शेवंता हे माझं नाव गाव कधीच विसरलं होतं. मी नुसती 'तुळशीरामची बहीण'. आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. एका दुपारी मी धानाचं फाटकं पोतं पातळ काळ्या रंगात बुडवलं, घट्ट पिळलं आणि किल्ल्याच्या भिंतीवर हलकेच थापत गेले. तागाची वीण उमटली आणि भिंत खरबरीत दिसू लागली. गुंडाळून पाहिला, पडदा तडकला नाही. दादा वाकला, पायांमधून पाहिलं आणि तसाच ओरडला, "शेवंते! दगडाले दगडपन आनलीस वं!" मग म्हणाला, "लाखांदूरच्या मंडईच्या पडद्यावर खाली दोन नावं टाकतो. तुळशीराम पेंटर अन् शेवंता पेंटर."

त्या पडद्यासाठी मी जीव टाकला. अक्षरं मात्र नेहमी दादाच काढायचा, अगदी शेवटी.

लाखांदूरच्या मंडईत मी वहिनीसोबत बायकांमध्ये बसले होते. किल्ला उघडला आणि शिट्ट्याच शिट्ट्या! नाटक मंडळाच्या मालकानं दादाला स्टेजवर बोलावलं, हार घातला आणि विचारलं, "हे दगड कोनं काढले हो?"

"नागपूरचे डी. के. बाबू," दादा माईकवर म्हणाला. "खास बोलावून आनलो."

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. दादाच्या नावाखाली तेच नाव, ठळक अक्षरांत.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "दादा, कोन हे डी. के. बाबू?"

"तूच त," तो हसला.

"मंग माझं नाव काहून नाही?"

"टाकलेल्या बाईनं रंगवला म्हनलं त लोकं पडदा सोडून तुलेच पायतीन. तुयासाठीच केलो मी."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं असं म्हटलं असतं तर तोंडावर थुंकले असते. सख्ख्या भावाचं काय करायचं?

त्यानंतर मी पोत्याला हात लावला नाही. दादानं विनवण्या केल्या, मग स्वतःच थापून पाहिलं. डाग पडायचे, दगड काही होत नव्हते. नाटकवाले विचारायचे, "डी. के. बाबू कुठं गेले?" दादा आधी म्हणाला, मुंबईला. मग म्हणाला, आजारी आहेत. लोक पिच्छा सोडेनात, तेव्हा कंटाळून त्यानं डी. के. बाबूंना मारूनच टाकलं.

पुढच्या मंडईत मालकानं नाटकाआधी माईक धरला. "थोर कलावंत गेला," म्हणाला, आणि श्रद्धांजलीसाठी सगळं मैदान उभं राहिलं. स्टेजवर दादा हात जोडून, डोळे मिटून उभा. गालावर खरंच पाणी होतं. मी बसूनच राहिले. शेजारच्या बाईनं कोपर मारलं, "उठा नं बाई, मानूस मेला."

"मी जित्ती आहो," मी म्हटलं. "कायले उठू?"

मैदान गप्प होतं, त्यामुळे ते स्टेजपर्यंत ऐकू गेलं. दादानं डोळे उघडले नाहीत.